पाण्याचं कुणी धरलं न्हाई

तेजाबात, म्हणजे ॲसिडात, विहीरभर पाणी ओता, त्याचा खार, म्हणजे अल्कली, काही होत नाही. शेंबड्या पोरालाही कळतं हे! पण गाणगापूरच्या रामाचार्यांची हुशार इंदू कलबुर्ग्याच्या कॉलेजात, इंटरच्या तोंडी परीक्षेत, नेमकं उलटं बोलून बसली.

रामाचार्य पुजारी, शब्दाचे कडक. "एका दमात पास झालीस तर हैदराबादला डॉक्टरकीला घालतो. न्हाई तर अक्कलकोटच्या स्थळाला होकार." पोरीनं वर्षभर झोपेचं खोबरं करून घेतलं होतं.

परीक्षक गुरुपादय्यांनी सुरुवात सोपी केली. "नॉर्मलच्या हजाराव्या हिश्श्याचं नमकाचं तेजाब, हायड्रोक्लोरिक. पीएच किती?"

"तीन."

"तेवढाच कॉस्टिक सोडा?"

"चौदातून तीन गेले, अकरा."

"आता तेजाबच, पण दहा कोटीवा हिस्सा?"

इंदूनं मनात शून्यं मोजली नि फाडकन बोलली, "आठ!"

"साधं पाणी सातावर. त्याच्या वर गेलं की खार. म्हणजे तेजाबाचा खार केलास? वा गं वा!" मागची पोरं खदाखदा हसली. "अगं, पाण्याचं स्वतःचं थोडं तेजाब असतंय की न्हाई? ते कोण धरणार? सातच्या जरा खाली येतंय उत्तर."

तिला ते येत होतं हो! पण दातखीळच बसली. पुढच्या एकाही सवालाला तोंड उघडेना. शेवटी परीक्षकांनी हात हलवून तिला बाहेर काढलं. तोंडी गेली म्हणजे प्रॅक्टिकल गेलं, नि प्रॅक्टिकल गेलं म्हणजे सगळंच गेलं.

ती घरी आली तेव्हा ओसरीवर सोलापूरचे यात्रेकरू बसले होते. आईनं, अन्नपूर्णाबाईंनी, विहिरीवरून आणलेली घागर अप्पांनी, रामाचार्यांनी, तांब्याच्या हंड्यात रिकामी केली. "संगमाचं पाणी हाय. कितीबी भर घाला, संगमाचंच राहतंय," असं म्हणत त्यांनी बाटल्या भरून दिल्या. इंदू लहानपणापासून हेच बघत आली होती. आज मात्र तिची नजर रिकाम्या घागरीवरच राहिली. गणितात तिनं तरी दुसरं काय केलं होतं?

यात्रेकरू गेल्यावर तिनं रडत सगळं सांगितलं. "पाण्याचं धरायचं राहिलं, अप्पा."

"पाण्याचं काय धरायचं असतंय? पाणी ते पाणी!" रामाचार्य उठले. "झालं ते बरं झालं. उद्या अक्कलकोटला निरोप धाडतो."

दारात अन्नपूर्णाबाई दुसरी घागर कमरेवर घेऊन उभ्या होत्या. लग्न झाल्यापासून नवऱ्यापुढं त्यांनी ब्र काढला नव्हता. त्यांनी घागर तिथंच, उंबऱ्याच्या अलीकडं टेकवली.

"पोरीला पुन्हा बसू द्या."

"तू मधी बोलू नको."

"न्हाई बोलत. पण उद्यापासून हंडा तुम्हीच भरा. संगमावरून आणा."

रामाचार्यांनी हंड्यात वाकून बघितलं. तळाला बोटभर पाणी होतं, आणि उद्या पौर्णिमेची यात्रा होती.