तुटक्या आवाजांची शाळा

आमच्या शाळेत सगळेच तोतरे होते. मी खरीखुरी तोतरी, आणि बाकीचे टेलिफोनच्या तारेमुळे.

शाळा कॉम्प्युटरवरची. ती पुण्यातून चालायची आणि मी हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात, कूलरसमोर खुर्ची ओढून, कानाला हेडफोन लावून तिच्यात बसायची. २००५च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि यायच्या आधी घसा खाकरल्यासारखा आवाज करायचं. ते चालू असलं की घरी कुणाचा फोन लागायचा नाही, त्यामुळे आत्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळे आमच्यावर रुसलेले. पडद्यावर प्रत्येकाचा एक छोटासा फोटो दिसायचा, तोही न हलणारा. बाकी सगळा कारभार आवाजाचा, आणि आवाज वाटेत तुटायचा. मस्कतची मानसी "भा... भारताच्या उत्त... उत्तरेस" असा भूगोल वाचायची. बडोद्याचा गौतम तर एका शब्दाचे चार तुकडे करून पाठवायचा, आणि त्यातला एखादा आमच्यापर्यंत पोचायचाच नाही.

अलका मॅडमनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता. "आवाज तुटला तर कुणी मधे बोलायचं नाही. ज्याचं वाक्य त्यानंच पुरं करायचं. आपण थांबायचं."

मला स्वर्ग दोन बोटं उरला. हजेरीला प्रत्येकाने आपलं नाव आणि गाव सांगायचं असे. मी "त्... त्... त्रिवेणी, है... हैदराबाद" म्हणाले, आणि मॅडम म्हणाल्या, "तुझीही लाइन तशीच का गं? चालायचंच!" कुणी हसलं नाही. सगळे थांबले, मग पुढचं नाव आलं.

माझं नाव ही माझी सगळ्यात मोठी अडचण. लहानपणी नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे तिथे दर जानेवारीत भरणाऱ्या प्रदर्शनात, मी आईचा हात सुटून हरवले होते. लोकांनी मला माइकवाल्याकडे नेलं. तो भला माणूस. खाली वाकून "बोलो बेटा, नाम बोलो" म्हणाला आणि माइक माझ्या तोंडाशी धरला. सगळ्या नुमाइशीला कर्ण्यावरून माझं "त्... त्... त्..." ऐकू गेलं. शेवटी त्यानेच "पीले फ्रॉकवाली बच्ची" असं जाहीर केलं. पुढे माझ्या आधीच्या शाळेतल्या पोरांनी कर्ण्यावरचं माझं बोलणं उचललं आणि हजेरीला माझ्याआधी तेच "त्... त्..." करायला लागले. रोज सकाळी माझ्या पोटात दुखायला लागलं. खरंच दुखायचं, ढोंग नव्हतं ते. शेवटी घरच्यांनी ती शाळा सोडवून मला या पुण्याच्या शाळेत घातलं.

माझे वडील एकनाथराव, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्यांचं राणीगंजला मोटारपंपांचं दुकान. मूळचे बिदरकडचे शेतकरी. आवाज मोठा, मन त्याहून मोठं आणि धीर अजिबात नाही. कुणी बोलायला तोंड उघडलं की पुढचं वाक्य अण्णाच पुरं करायचे. जेवताना मी "अण्णा, मला..." एवढं म्हटलं की, "अगं, भात वाढ तिला!" अशी आईला ऑर्डर सुटायची. मी मुकाट्याने भात खायची. त्यांनी माझं अडखळणं कधी धड ऐकलंच नव्हतं, कारण तिथवर पोचायच्या आत ते स्वतःच बोलून मोकळे व्हायचे. म्हणून जगाला सांगायचे, "ती शाळाच खराब होती. आता घरी बघा ना, कुठं अडते पोरगी?" आईला सगळं माहीत होतं, पण अण्णांच्या बोलण्यात शिरायला तिलाही कधी फट सापडली नाही.

दुपारचा वर्ग मला सगळ्यात आवडायचा. पडदे ओढलेले, कूलरमधल्या ओल्या खसाचा वास, आणि कानात लांबून, पाण्याखालून आल्यासारखे आवाज. मी डोळे मिटून घ्यायची. मग मला एक शहर दिसायचं. हैदराबादच ते, पण तिथे सगळ्यांच्याच जिभेला वेळ लागायचा. काचीगुड्याच्या बसचा कंडक्टर दारात उभा राहून "का... का..." म्हणतोय आणि त्याचं बोलून होईपर्यंत बस हलत नाही. इराणी हॉटेलात गिऱ्हाईक चहा मागायला सुरुवात करतं आणि मागून होईतो चहा समोर येऊन निवलेलाही असतो. नुमाइशीच्या कर्ण्यावरून हरवलेल्या मुलांची नावं इतकी सावकाश येतात की नाव संपायच्या आत आई येऊन पोचते. कुणालाच घाई नाही. मानसी आणि गौतम माझ्याबरोबर तिथे फिरायचे, त्यांच्या फोटोतल्या न हलणाऱ्या चेहऱ्यांनी, आणि आम्ही एकमेकांची वाक्यं संपायची वाट बघत मोझमजाही मार्केटात आइसक्रीम वितळवायचो.

मग एका दिवशी गौतमने हजेरी दिली आणि मी दचकून डोळे उघडले. "गौतम, बडोदा." स्वच्छ, सलग, शेजारी बसल्यासारखा आवाज. "नवं कनेक्शन, मॅडम! ब्रॉडबँड!" सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्याशी कट्टी केली, अर्थात त्याला न कळवता. त्या काळात गल्लोगल्ली नव्या कंपन्यांच्या तारा पडत होत्या, पेपरात रोज कुठल्या तरी स्वस्त स्कीमची जाहिरात यायची, आणि लोक कसे खूश होते! थोड्याच दिवसांत मानसीचाही आवाज जुळून आला. माझं शहर रिकामं व्हायला लागलं. बसचे कंडक्टर भराभर बोलू लागले आणि बस माझ्यासमोरून निघून जाऊ लागली.

शेवटी वर्गात तुटका आवाज माझा एकटीचाच उरला. मॅडमनी अण्णांना दुकानावर फोन केला. "त्रिवेणी फार हुशार आहे हो, पण तुमची लाइन वर्गात सगळ्यात खराब. बिचारीचं एक वाक्य सलग पोचत नाही."

अण्णा घरी आले ते तणतणतच. "सगळ्यात खराब लाइन म्हणे आपली! पुण्याच्या बाई सांगतेत. अख्ख्या तालुक्याला पाणी पोचवतो मी, अन् माझ्या पोरीचा आवाज पुण्याला पोचंना?"

"राहू द्या की," आई म्हणाली. "चाललंय तिचं."

"राहू द्या काय? नक्को!"

"अण्णा, लाइन..." मी सुरुवात केली.

"बदलू बेटा, उद्याच बदलू!"

मला रडू कोसळलं. अण्णांना वाटलं आनंदाने.

लाइनमन आला, त्याने खिडकीतून नवी तार आत घेतली, निळे दिवे लुकलुकणारा एक डबा टेबलावर ठेवला. अण्णा दुकान नोकरावर सोपवून घरीच थांबले होते. आईने लाइनमनला चहा दिला. वर्गाची वेळ झाली आणि इंटरनेट घसा न खाकरताच आलं. मला त्या जुन्या आवाजाची इतकी आठवण आली! कानात अलका मॅडमचा श्वासही ऐकू येत होता. म्हणजे माझाही त्यांना येत असणार. आता लपायला जागा नव्हती.

"गौतम, बडोदा." "मानसी, मस्कत."

"त्... त्..." मी म्हणाले. "त्... त्... त्..."

"मॅडम, हिची लाइन अजून..." गौतमने नियम मोडून मधे तोंड घातलं.

पलीकडे पोचत नाही म्हणून मी तेच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणतेय, असं वाटून मागे अण्णा लाइनमनवर घसरले. "क्या मियाँ! नवी तार डाले बोलते, आवाज तो अब बी कट रा! दुकान बंद करके बैठूं क्या इसके वास्ते?"

"साब, लाइन एकदम साफ है. खुद चेक करा मैं."

"काहे की साफ? सुन नै रे? बच्ची का आवाज..."

लाइनमनने कप खाली ठेवला आणि बिचारा टेबलामागे वाकून तार पुन्हा काढायला लागला. त्याच्या मानेवर घाम होता. मी त्याचा हात धरला. एवढं धाडस कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. माइक तोंडाशी होता, आणि पुण्यापासून मस्कतपर्यंत सगळे ऐकत होते.

"ला... लाइन चांगली आहे," मी म्हणाले. "मी... मी... मीच अशी बोलते."

कानात काहीच आलं नाही. क्षणभर वाटलं, तारच निघाली. पण निळे दिवे लुकलुकत होते. मग कळलं, कुणी मधे बोलत नव्हतं. माझं पुरं व्हायचं होतं आणि ते थांबले होते.

"हजेरी राहिलीय गं तुझी," अलका मॅडम म्हणाल्या. "सांग. आम्ही आहोत."

मी सांगितलं. वेळ लागला. "त्... त्रि... त्रिवेणी. है... हैदराबाद."

वर्ग संपल्यावर वळून पाहिलं तर लाइनमन गेला होता आणि अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते. अण्णा बोलत नाहीत, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची भीती नाही वाटली, फार वाईट वाटलं.

संध्याकाळी जेवायला बसलो. मी म्हणाले, "अण्णा, मला..."

आईने सवयीने भाताचा डाव उचलला. अण्णांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि आईला हातानेच थांबवलं. माझा शब्द अडला, मागे गेला, पुन्हा आला. अण्णांच्या हातातल्या घासाचं वरण बोटांवरून ताटात गळत होतं, पण ते माझ्याकडेच बघत राहिले.

"भाकरी," मी म्हणाले.

"भाकरी?" अण्णांनी घास ताटात ठेवला. "तुला भाकरी आवडती?"