मच्छरदाणीचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी आहे. माझ्या नावात मच्छर आहे आणि मनात मत्सर. पहिल्याचा बंदोबस्त मी जन्मभर करत आले, दुसऱ्याचा मात्र मला कधीच जमला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी कुणाला नावं ठेवू लागले की तुम्ही दचकणार नाही.

आमच्या गावात वर्षभर उकाडा आणि वर्षभर डास. बहीण-भाऊ एका पलंगावर झोपत, म्हणून त्यांच्या आईने मला शिंप्याकडून शिवून घेतलं. शिंप्याने पलंगाचं माप नीट घेतलं आणि गादीची उंची विसरला. घरी येऊन मला टांगलं तर मी आखूड! मग आईने जुन्या निळ्या चादरीची पट्टी फाडून माझ्या खालच्या कडेला जोडली. तीच पट्टी गादीखाली खोचली जायची. लोक तिला ठिगळ म्हणत, मी काठ म्हणते.

ताई मोठी, भाऊ धाकटा. गोलमटोल होता म्हणून सगळे त्याला ढब्या म्हणत. ताई सरळ खालून शिरायची, पण ढब्या मला पडद्यासारखी बाजूला सारायचा आणि त्याच्याबरोबर एखादा डास आत यायचाच. मग ताई ओरडायची, "आत पाहुणा आहे!" की टाळ्यांवर टाळ्या. आमच्या घरात आत शिरलेल्या डासाला पाहुणाच म्हणत. पाहुणा सापडला की दोघं मेल्यासारखी झोपत आणि मी त्यांच्याभोवती पहारा करी. आई म्हणायची, "हिच्यामुळे पोरं तापाने आजारी पडली नाहीत." ते ऐकलं की माझा काठ नुसता फुलून यायचा.

पुढे ढब्या शिकला आणि एका थंडगार देशात निघून गेला. तिथे म्हणे डासच नाहीत. काही वर्षांनी आई गेली. ताई बंदरावर लाँचच्या तिकीटखिडकीत नोकरीला लागली. एकट्या माणसाला एवढी मोठी मच्छरदाणी कशाला? तिने डास पळवायचं, भिंतीत खोचायचं एक चिमुकलं यंत्र आणलं. लाल दिवा लावून दिमाखात बसायचं ते, आणि मी डांबराच्या गोळ्यांबरोबर पेटीत. कामाला हातभर कापड लागत नाही आणि तोरा केवढा! त्या ठेंगूवर मी किती जळले, ते माझं मला ठाऊक.

आणि एक दिवस पेटी उघडली. ढब्या आपल्या लेकीला घेऊन येणार होता! ताईने मला धुतलं, उन्हात घातलं, माझी भोकं बारीक टाके घालून बुजवली आणि जुन्या पलंगावर चारी खिळ्यांना ताणून बांधलं. गादीवर नवी चादर घातली. "एक रात्र तरी राहतील ना गं?" ती मलाच विचारत होती. घरात दुसरं होतंच कोण?

ते आले तेव्हा दुपार झाली होती. ढब्याच्या डोक्यावर भलीमोठी टोपी, गळ्यात कॅमेरा. लेकीने अंगाला कसलंसं मलम फासलेलं. ढब्याने आल्या आल्या घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "ताई, दोन तास आहेत हं. मग हॉटेलची गाडी येईल. आज सूर्यास्त बघायचं ठरलंय." ताईचा चेहरा पडला. ती चहा टाकायला आत गेली.

तेवढ्यात त्या पोरीने मला पाहिलं. "आत्या, आमच्या हॉटेलच्या खोलीत पण अशीच आहे!" म्हणत तिने फोन माझ्यासमोर धरला. मित्रांनो, काय सांगू! पांढरीशुभ्र, रेशमासारखी, छताच्या कडीतून सोडलेली, रेशमी फितीने कंबरेत बांधलेली. खिडक्या बंद, थंड हवेचं यंत्र चालू, औषधाला डास नाही! त्या बयेने आयुष्यात एक डास अडवला नसेल, आणि ढब्या तिच्याखाली झोपणार. माझा नुसता तिळपापड झाला. शक्य असतं तर मी चारी नाड्या सोडून तिथे गेले असते आणि तिची ती फीत ओढली असती.

दारातून शेजारीण डोकावली. "कोण आलंय गं?"

"पाहुणे आलेत," चहाचे कप घेऊन बाहेर येत ताई म्हणाली. "चहा घेऊन निघतीलच."

पोरीचे डोळे मोठे झाले. ती बापाचा हात धरून म्हणाली, "बाबा, आत्या आपल्याला डास का म्हणाली?"

बिचारीचा काय दोष? तिला मराठी शिकवलं ढब्याने, तेही झोपताना या घरच्या गोष्टी सांगून. पाहुणा या शब्दाला दुसरा अर्थ असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ढब्या खो खो हसला. ताईही हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरले.

"म्हणाले तर काय चुकलं?" ती म्हणाली. "आलात, घटकाभर गुणगुणलात, आता उडून जाल. मी बसेन इथे खाजवत."

ढब्याचं हसणं थांबलं. त्याने टोपी काढली, बूट काढले. "ताई, जरा आडवा होऊ?"

"विचारतोस काय? गादी तुझीच आहे."

लागला की हा मला बाजूला सारायला! "अरे, सगळं गाव आत घेतोस का? खालून शीर, ढब्या!" ताई ओरडली. पण उशीर झाला होता. पोरगी आत गेली, पाठोपाठ ताईही गेली, आणि कानाशी गुणगुण झाली. मग तिघांनी टाळ्या वाजवून नुसता धुमाकूळ घातला. माझे जुने टाके कुरकुरले, पण मी हूं की चूं केलं नाही. थोड्या वेळाने तिघंही गाढ झोपली. सूर्यास्त आपला आपण होऊन गेला.

बाहेर ताटकळलेल्या गाडीचा हॉर्न कितव्यांदा तरी वाजला तेव्हा ढब्या उठून बसला. माझा निळा काठ बोटांत धरून म्हणाला, "ताई, ही मला देतेस? आमच्याकडे पलंगावर वरून सोडली की काय सुंदर दिसेल!"

खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले. परदेश! कंबरेला फीत! त्या बयेच्या नाकावर टिच्चून मीही मिरवणार!

"तुमच्याकडे डास आहेत?" ताईने विचारलं.

"छे, एकही नाही."

"मग ही तिथे काय करेल?"

"आठवण म्हणून गं."

ताईने त्याच्या हातातून माझा काठ हळूच सोडवला. "नाही द्यायची. आठवण घेऊन गेलास की यायचं काय कारण उरलं? झोपावंसं वाटलं तर इथे येऊन झोप. दिवसभर खिडकीत पर्यटकच बघते रे मी. घरात तरी नकोत."

पुन्हा हॉर्न वाजला तसा ढब्या अनवाणीच बाहेर गेला. "आज आम्ही येत नाही," तो गाडीवाल्याला म्हणाला. "आमचं सामान तेवढं उद्या सकाळी आणून द्या." ताईने ते आतून ऐकलं आणि उगाचच उशा झटकत राहिली.

मित्रांनो, माझा जळफळाट पुरता गेला असं मी म्हणणार नाही. ती रेशमी फीत मला अजूनही आवडते. पण माझं एवढं ऐका. जुन्या वस्तू धुवा, शिवा आणि वापरा. पेटीत घालून जपलेली वस्तू आतल्या आत विरून जाते. आणि कुणी तुमची वाट बघत असेल, तर त्यांच्याकडे राहायला जा. बघायला जाऊ नका.