घरी जायचंय

"दीदी, भाईसाहब गेट पर नहीं हैं। कुर्सी खाली पड़ी है," असं शेजारच्या मिश्राइनभाभी दारातून ओरडल्या, तेव्हा मी गाठ्यांचा पाक घोटत होते. दोन्ही हात गुंतलेले.

"असतील हो तिथंच. निंबाखाली बघा," मी म्हटलं. घाबरले की माझं असंच होतं. समोर कोण आहे ते न बघता मराठीच तोंडातून येतं. पण मिश्राइनभाभींना माझी मराठी आता सवयीची झालीय.

"नीम के नीचे भी नहीं हैं, दीदी। मैं देख आई।"

पाक घोटायला घेतला की थांबायचं नसतं. थांबलात की तो पातेल्यातच दगड होऊन बसतो. माझं माहेर मिरजेचं, गाठ्या-बत्तासे करणाऱ्यांचं. हे मला चालायच्या आधी शिकवलं असेल. लग्न होऊन लखनौला आले, तेव्हापासून इथल्या मराठी घरांत पाडव्याला माझ्याच गाठ्या जातात. मानक नगरचे रेल्वेवाले, बँकेतले, बदलीवर आलेले, सगळ्यांचे होळी झाली की फोन सुरू, "प्रतिमाकाकू, आमच्या गुढीला विसरू नका हं!" आणि पाडवा तर उद्यावर आलेला. भिजवलेल्या लाकडी साच्यांत दोरे ओढून ठेवले होते, नुसता पाक ओतायचा बाकी होता. मी गॅस बंद केला, पातेलं तसंच टाकलं आणि बाहेर धावले. एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्या पायात ह्यांची, हे मला पार बाजारात गेल्यावर कळलं.

आमचे हे, श्रीपाद, रेल्वेत इंजिनिअर. मोठमोठ्या पुलांची गणितं तोंडपाठ असलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी विसरायला लागले. आधी चष्मा, मग बाजाराची वाट, मग मित्रांची नावं. भाषासुद्धा शिकले त्याच्या उलट्या क्रमानं गेल्या हो! आधी इंग्रजी गेली, दिवाळीच्या सुमाराला हिंदी गेली. दूधवाल्याला रोज "और भैया, सब ख़ैरियत?" विचारणारे हे, त्याच्या तोंडाकडे टकमका बघायला लागले. उरली मराठी. तीही कवळीमुळे बोबडी, आणि त्यातही बहुतेक वेळा एकच वाक्य, "घरी जायचंय." घरातल्या पलंगावर बसून म्हणायचे, घरी जायचंय. मी म्हणायची, "अहो, घरीच तर आहात की!" दिवसातून पन्नासदा. कधी लाडानं म्हणायची, कधी वैतागून खेकसायची.

डॉक्टर म्हणाले, रोज काहीतरी नवं दाखवा, वास द्या, चव द्या. मग मी ह्या वसंताच्याच मागे हात धुऊन लागले. इथली पानगळ ऐन फाल्गुनात. सकाळी अंगण झाडून कंबर मोडते, आणि आठ-दहा दिवसांत त्याच निंबाला तांबूस, लुसलुशीत पालवी. एकेक पान आणून ह्यांच्या तळहातावर ठेवायची. "बघा तरी, किती मऊ!" बघायचे नाहीत. मुळात ह्यांना झाडाझुडपांचा सोस कधी नव्हताच. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! कचनारच्या कळ्यांची भाजी केली. इथं नवी आले तेव्हा मी हसायची, की हे लखनौवाले फुलं खातात मेले. ती भाजी ह्यांनी मुकाट्यानं खाल्ली. एकदा गाडीवरून शहतूत घेतले, म्हणजे आपली तुती, काळेभोर, रसाळ. ह्यांच्या सदऱ्यावर डाग पडला, त्या डागाकडे बघून हे हसले. तेवढ्या हसण्यावर माझे चार दिवस गेले.

मग भाजीवाल्यानं मलिहाबादहून मोहोराची फांदी आणून दिली. "अम्मा, बौर है, बाबूजी को सुँघाइए।" ह्यांनी नाकाशी धरली. बराच वेळ धरली. आणि म्हणाले, "आंबा."

एक शब्द! मी अनघाला फोन लावला. आमची मुलगी, बंगळुरूला असते, मराठी कळते, बोलते हिंदी. ती म्हणाली, "अच्छा है मम्मा. पर कितने दिन करोगी आप? पापा को यहाँ ले आओ ना. इधर एक बहुत अच्छा केअर होम है."

मी फोन ठेवला. पोरीचं चुकत नव्हतं. पण आंबा आठवला, तर मी का नाही आठवणार? मला एवढंच पाहिजे होतं. होळीपासून ह्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. एकदा, एकदाच माझ्याकडे बघून "प्रतिमा" म्हणावं, म्हणून मी वसंतातलं दिसेल ते उचलून घरी आणत होते. आणि आज खुद्द हेच नाहीसे झाले.

आमच्या तेलीबागच्या बाजारात आधी भाजीवाला गाठला. "हाँ अम्मा, आए थे," तो कोथिंबिरीवर पाणी मारत म्हणाला. "घड़ी पूछ रहे थे। हमने बताया ग्यारह बजे हैं। फिर पूछा, फिर बताया। फिर उधर चले गए, घड़ी की दुकान की तरफ़।"

घड्याळ? ह्यांना वेळ कशाला हवी? सकाळ-संध्याकाळ कळत नाही त्या माणसाला. तरी मी घड्याळवाल्याकडे पळाले.

"अंकल आए थे," तो म्हणाला. "घड़ी, घड़ी बोल रहे थे। हमने दो-तीन घड़ियाँ निकाल के दिखाईं। हाथ से हटा दीं, ग़ुस्सा हो गए। बोलते रहे, घड़ी जा… जाय… ऐसा कुछ।"

घरी जायचंय! अहो, हे घरी म्हणत होते! त्या बोबड्या तोंडातून 'घरी' आलं आणि सगळा बाजार ह्यांना किती वाजले ते सांगत बसला. कुणाकुणाला विचारलं असेल ह्यांनी, आणि प्रत्येकानं मनगट पुढे केलं असेल. कुणाचा दोष नाही, माणसं भलीच. मी तिथंच काउंटरला धरून रडले. तो बिचारा घाबरला, पाणी आणायला लागला.

"पाणी नको, भैया. किधर गए, वो बताइए."

त्यानं रिक्षा स्टँडकडे हात केला. तिथं एका रिक्षावाल्यानं पाहिलं होतं. "बहुत परेशान थे। घड़ी, घड़ी। हमारे रईस ने पूछा, बाबा, घंटाघर जाना है? बड़ी वाली घड़ी? तो ज़ोर से सर हिलाया और ख़ुद ही बैठ गए।"

घंटाघर! त्यातलं 'घर' तेवढं ह्यांच्या कानाला ओळखीचं लागलं असणार. कोणीतरी शेवटी घर म्हणालं, म्हणून बसले असतील. आणि तो मोठ्या घड्याळाचा मनोरा पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, हुसैनाबादला! रिक्षावाल्यानं रईसला फोन लावून माझ्या हातात दिला. "चाची, हमने तो तालाब के पास उतार दिया था," पलीकडून आवाज आला. "कितनी देर हुई? अब… काफ़ी देर हुई।"

मी दुसऱ्या रिक्षात बसले. गर्दी मुंगीच्या पावलानं सरकत होती. दुतर्फा सावरीची लाल फुलं रस्त्यावर पडून चाकांखाली चिरडली जात होती. एरवी मी रिक्षा थांबवून एखादं उचललं असतं. मिश्राइनभाभींचा फोन आला, "दीदी, चाशनी तो जम के पत्थर हो गई।" मी म्हटलं, "मरू दे ती चाशनी!" अनघाचा आला. "मम्मा, पुलिस को बताया? मम्मा, सुन रही हो?" मी फोन कानाशी धरून रस्ताच बघत होते. त्या रस्त्यावर किती बसेस, किती ट्रक.

आयुष्यात देवाशी मी कधी घासाघीस केली नव्हती. त्या रिक्षात केली. म्हटलं, नको मला ओळखायला. नाव नको घ्यायला. ते मी सोडलं, परत मागणार नाही. फक्त सापडू देत.

सापडले. तळ्याकाठी बसले होते, घड्याळाच्या मनोऱ्याकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून. शेजारी एक ककडीवाला. त्यानं ह्यांच्या हातात मीठ लावलेली ककडीची फोड दिली होती, ती तशीच धरलेली. मला धावत येताना बघून तो उठला.

"आपके हैं? शुक्र है! कब से बैठे हैं। बस एक ही रट, आई, आई। हम पूछें, कौन आई बाबा? कहाँ आई? बताते ही नहीं।" आणि तो आनंदानं ह्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला, "लो बाबा! आई! देखो, आई!"

त्याच्या हिंदीत तो एवढंच सांगत होता, की बाबा, ती आली.

हे गर्रकन वळले. मी ह्या माणसाबरोबर उभा जन्म काढला. मुलगी झाली तेव्हाचा चेहरा पाहिला, पहिला पूल उभा राहिला तेव्हाचा पाहिला. असा चेहरा पाहिला नव्हता. लहान मुलासारखे डोळे, तोंडभर हसू, आणि दोन्ही हात पुढे. मग त्यांनी मला पाहिलं. हात हळूहळू खाली गेले. माझ्या मागे कोणी येतंय का, ते त्यांनी वाकून बघितलं.

"अहो," मी म्हटलं, "किती शोधलं तुम्हाला!"

"तुम्ही मराठी?" त्यांचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं बाई, देवासारख्या भेटलात. इथं कुणाला काही कळतच नाही. मी म्हणतोय घरी, तर हे लोक घड्याळ दाखवतात." मनोऱ्याकडे अंगठा करून ते चिडून म्हणाले, "एवढं मोठं!"

मला हसू आलं आणि रडूही आलं. कित्येक महिन्यांत ते इतकं सलग बोलले नव्हते.

"मला घरी सोडाल का? आई वाट बघत असेल. तिला सांगून नाही आलो. नदीवर जातो म्हणून पण नाही सांगितलं."

नदी म्हणजे कऱ्हाडची. घर कऱ्हाडचं, त्यांच्या लहानपणीचं. सासूबाई जाऊन वीस वर्षं होऊन गेली. बाजारातल्या लोकांनी घरी ऐकलं नाही, घडी ऐकलं. मी मराठी, मला शब्द स्वच्छ कळत होता. आणि तीन वर्षं मी त्यांना तेलीबागच्या भिंती दाखवून सांगत होते, घरीच तर आहात. मीही त्यांना वेळच सांगत बसले होते की!

"सोडते," मी म्हटलं. "तुमच्या आईनंच पाठवलंय मला."

"ती का नाही आली?"

"उद्या पाडवा नाही का? कामात आहेत."

हे त्यांना पटलं. उठले, पँट झटकली, ककडीची फोड ककडीवाल्याला परत दिली, वर हातही जोडले. रिक्षापर्यंत माझ्यापुढे दोन पावलं चालत होते. मी हात धरायला गेले, तर अवघडून बाजूला झाले. मग मी धरला नाही.

"तुम्हाला उगाच त्रास," बसल्यावर म्हणाले. "तुमच्या घरचे वाट बघत असतील."

"माझं घर वाटेतच आहे," मी म्हटलं.

मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून ते पार कडेला अंग चोरून बसले, परक्या बाईशेजारी बसावं तसे. कऱ्हाडच्या चांगल्या घरातला मुलगा, तसंच बसणार. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "कहाँ चलें, आंटी?" मी तेलीबाग सांगितलं. पुलाच्या तोंडाशी एक खड्डा आला, रिक्षा उसळली, आणि तोल जाऊन त्यांचा हात माझ्या हातावर पडला. गरम, कोरडा, ओळखीचा. मी माझा हलवला नाही.

त्यांनी चटकन हात काढून घेतला.

"माफ करा हं, बाई."

"असू दे," मी म्हटलं.