दोन लाइनींचं घर

रविवारी सकाळी बाबा घरातल्या इंटरनेटची वायर ओढायला लावायचा. चुकून नाही हं, मुद्दाम! आईच्या मावशीशी व्हिडिओवर गप्पा अगदी रंगात आल्या, की हा चोरपावलांनी टीव्हीमागच्या डब्यापाशी जायचा आणि मुलीला डोळ्यानं खुणवायचा. वायर उपसायचं काम तिचं. खट्! डब्यावरचा एक हिरवा दिवा विझायचा, शेजारचा, दुसऱ्या लाइनीचा, जरा लुकलुकायचा आणि मग ठणठणीत हिरवा. पडद्यावरच्या मावशीचं तोंड जेमतेम थबकायचं आणि पुढचं गाऱ्हाणं सुरू.

"कळलं का काही?" बाबा आईला विचारायचा.

"काय कळायचंय?"

"शाब्बास!" म्हणून तो असा खूश व्हायचा, जसं काही लॉटरीच लागली.

"लाइनी दोन आणि पगार एक," आई मावशीला सांगायची. "असं आमचं घर."

बाबा नेटवर्क आर्किटेक्ट होता, आणि साधासुधा नाही, सीनियर. इमारतींचा आर्किटेक्ट भिंती कुठे घालायच्या ते ठरवतो, तसं बाबा माहितीनं कुठून कुठे जायचं ते ठरवायचा. त्याच्या कंपनीची गावोगाव हॉस्पिटलं होती आणि ती सगळी एकमेकांशी त्यानंच जोडली होती. एका हॉस्पिटलात काढलेला एक्स-रे दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला लगेच दिसायचा, तो बाबाच्या वाटेनं. त्याचा नियम एकच. प्रत्येक गोष्टीला दुसरी वाट हवी. आणि ती आहे म्हणून गप्प बसायचं नाही, अधूनमधून पहिली वाट स्वतः तोडून बघायची.

मुलीला तो 'भोंगा' म्हणायचा. हे नाव नवीन होतं. या देशात आल्यावर पहिली दोन वर्षं ती शाळेत तोंडातून अक्षर काढत नव्हती. भाषा येत होती, पण हात वर करायचं धाडस होत नव्हतं. मग एकदा वर्गात कुणीतरी काहीतरी धादांत चुकीचं बोललं, हिला राहवेना, ही उभी राहिली आणि जी सुटली, ती थांबलीच नाही. आता ती शाळेच्या वादविवादाच्या संघात होती. शेवटी बोलायचं काम तिचं, म्हणजे समोरच्यांचं सगळं बोलणं उधळून लावायचं. बाथरूममध्ये भाषणं, जिन्यात भाषणं. आई म्हणायची, "हिला बंद करायचं बटण कुठेय?"

पण त्यांच्या घरात एक गोष्ट होती जिला दुसरी वाट नव्हती. या देशात राहणं. बाबाच्या व्हिसाला कंपनी स्पॉन्सर होती. दर काही वर्षांनी कंपनीनं सरकारला सांगायचं, की हा माणूस आम्हाला हवाच आहे, याच्यासारखा इथे मिळत नाही. की मग बाबा राहणार, बाबाच्या नावावर आई राहणार आणि भोंगाही. आई खरं तर दातांची डॉक्टर. पण तिच्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती, म्हणून ती घरातल्याच दातांवर डोळा ठेवून असायची.

"सगळ्या जगाला जोडीला जोडी देतोस," ती कधी कधी म्हणायची, "आणि आपण तिघं एकाच खिळ्याला लटकलोय."

यावर बाबा हसायचा, पण जरा उशिरा.

यंदा ती वेळ आली होती, आणि नेमक्या त्याच सुमारास कंपनीत नव्या मॅडम आल्या. त्यांनी बाबाला पहिल्याच भेटीत विचारलं, "तुम्ही नक्की काय करता?" आणि बाबानं काय सांगावं? "काही बिघडत नाही ना, ते मी करतो."

"बाबा! असं बोलतात का?" भोंगा किंचाळलीच. "शिकवते तुला. उभा राहा. खांदे मागे. हात खिशातून बाहेर!"

बाबा आरशासमोर उभा राहिला. "मी, आपलं, ते नेटवर्क..."

"आपलं-बिपलं नाही! 'हे नेटवर्क मी उभं केलं.' म्हण."

"हे नेटवर्क मी उभं केलं," बाबा आरशाला म्हणाला आणि लाजला.

"आणि नुसतं बोलू नकोस, दाखव. आपल्याकडे रविवारी करतो ना, तसं कंपनीत घरच्यांना बोलावतील त्या दिवशी सगळ्यांसमोर वायर ओढ!"

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. "सगळ्यांसमोर कशाला?" ती म्हणाली. पण त्या दोघांना ऐकू कुठे येतंय!

कंपनीत घरच्यांना बोलवायचा दिवस आला. काचेपलीकडे कॉम्प्युटरच्या कपाटांमागून कपाटं, त्यांत लुकलुकणारे दिवे आणि वेण्या घातल्यासारख्या निळ्या-पिवळ्या वायरी. अलीकडे मोठ्या पडद्यावर सगळी हॉस्पिटलं ठिपक्यांसारखी दिसत होती. बाबा नवा शर्ट घालून उभा, खांदे मागे. "हे नेटवर्क मी उभं केलं," तो म्हणाला. अगदी तस्सं! मग आत गेला, मुख्य वायरीला हात घातला आणि खट्.

पडद्यावरची एक जाड रेघ लाल झाली. कुणीतरी "अरे!" म्हणालं. तोवर दुसरीकडून दुसरी रेघ उमटली होती. एकही ठिपका विझला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यात जोरात कुणी वाजवल्या हे सांगायला नकोच.

"वा," नव्या मॅडम म्हणाल्या. "आणि हे तुम्ही इथे नसताना झालं तर?"

"मी नसतानाही असंच चालेल," बाबा म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "माझी गरज पडू नये, असंच बांधलंय."

मॅडमनी मान डोलावली. आईनं भोंग्याचं मनगट धरलं.

पुढच्या आठवड्यात बाबा लवकर घरी आला. बूट न काढता जेवणाच्या टेबलाशी बसला, तेव्हाच आईला कळलं. कंपनी व्हिसा पुढे वाढवून घेणार नव्हती. काम आता झालंय, राहिली नुसती देखभाल, ती इथलाच कुणी करेल, असं मॅडम म्हणाल्या होत्या. फार चांगल्या शब्दांत म्हणाल्या होत्या.

भोंग्याला रडू फुटलं. "मी बोलायला लावलं तुला! मीच सांगितलं वायर ओढ म्हणून!"

"अगं वेडे, त्यांनी विचारल्यावर दुसरं काय सांगणार होतो मी?"

"एखादी गाठ मारून ठेवायची होतीस," आई म्हणाली. आवाज चढवून नाही, दमून. "फक्त तुलाच सुटेल अशी. बाकीचे ठेवतात ना?"

बाबानं खाली वाकून बुटाची नाडी सोडली. "हॉस्पिटल आहे गं ते. मी झोपलेलो असेन आणि माझ्या गाठीत कुणाचं तरी ऑपरेशन अडकेल."

आईनं त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

मग बाबाचे इंटरव्ह्यू सुरू झाले. शेजारच्या खोलीतून सगळं ऐकू यायचं. सुरुवातीला हसणं-खिदळणं, नेटवर्कच्या गप्पा, बाबा रंगात. मग पलीकडून तो एक प्रश्न यायचा, तुम्हाला स्पॉन्सर लागेल का? "हो, लागेल," बाबा म्हणायचा. त्यानंतर त्याचा आवाज एकदम शहाण्यासारखा व्हायचा. "अच्छा. हो हो. समजू शकतो." भोंग्याला त्या 'समजू शकतो'चा इतका राग यायचा, की उशीत तोंड खुपसून ती ओरडायची. तेही हळूच, बाबाला ऐकू जाऊ नये म्हणून.

देश सोडायची मुदत संपत आली. वादविवादाची अंतिम फेरी नेमकी त्यांच्या निघायच्या दिवशी होती. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "तुझ्या जागी जिराफ बोलेल. तिला तयार कर." जिराफ म्हणजे भोंग्याची मैत्रीण, उंचच उंच आणि भित्री. भोंग्यानं तिला तयार केलं, पण अर्धवटच. हातखंडा मुद्दे स्वतःपाशीच ठेवले. द्यायचेच कशाला? अडू देत की जरा! तेव्हा तरी म्हणतील, ती असती तर.

त्या संध्याकाळी बाबा लॅपटॉपवर स्वतःच्याच जागी आलेल्या माणसाशी बोलत होता. तो बिचारा तेच तेच विचारत होता आणि बाबा न चिडता सांगत होता, ही वाट तुटली तर ती, तीही तुटली तर ही. "आणि कधीही अडलं तर मला फोन करा," बाबा म्हणाला. मग आठवून म्हणाला, "माझा नंबर बदलेल. नवा कळवतो."

भोंगा दारात उभी होती. पाणी प्यायला आली होती, ते तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं जिराफला सगळं दिलं. मुद्दे, टोमणे, कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, परीक्षकांकडे कधी बघायचं.

"तू नसशील तर मी मरेन," जिराफ म्हणाली.

"नाही मरत. तसंच बांधलंय," भोंगा म्हणाली आणि मग दोघी पायरीवर बसून यथेच्छ रडल्या.

निघायच्या दिवशी घर असं घुमत होतं, की आईच्या शिंकेचासुद्धा प्रतिध्वनी आला. पलंग गेले, टेबल गेलं, टीव्ही गेला. जमिनीवर राहिला नुसता दोन दिव्यांचा डबा. तो परत करायचा होता. खाली टॅक्सी उभी. सगळ्यांचे नंबर बंद झालेले, फोन फक्त या डब्यावर चालत होते.

"चल भोंग्या. तुझं काम," बाबा म्हणाला.

"थांब ना. जिराफचं बोलून झालं असेल."

ती फोन धरून जमिनीवर बसली. आईनं टॅक्सीवाल्याला खिडकीतून हात केला. बाबा भिंतीला टेकून उभा राहिला. आणि मग फोन वाजला.

जिंकलो! जिराफनं लिहिलं होतं. सगळं तू सांगितलंस तसंच बोलले. कुठेच अडलं नाही!

भोंग्यानं ते पुन्हा वाचलं. ती हसली, हसताना तिचा ओठ वाकडा झाला आणि तिनं फोन बाबापुढे धरला. त्यानं वाचलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिला.

"छान झालं ना?" ती म्हणाली. इतक्या हळू, की आईला "काय?" म्हणून विचारावं लागलं.

तिनं पहिली वायर ओढली. दिवा विझला, शेजारचा लुकलुकला आणि हिरवा झाला. तिनं दुसरी ओढली. तोही विझला.

टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. तरी तिघंही रविवारच्या सवयीनं डब्याकडे बघत तशीच उभी होती.