मागच्या रांगेतला बांध

मी बांध बोलतोय, डच किनाऱ्यावरच्या झीलंडमधला. अगदी समुद्रावरचा नव्हे, मागच्या रांगेतला. एके काळी भरतीच्या लाटा माझ्याच छातीवर फुटायच्या. मग माणसांनी पुढे नवा बांध घातला, मधली खारट जमीन पिकाखाली आणली आणि माझं नाव पडलं ‘निजलेला’. निजतोय कसला! शंभर वर्षं समुद्राकडे कान लावून पडलो होतो. पाठीवर मेंढ्या चरायच्या, पुढे-मागे बटाटे, बीट, कांदे. मला मात्र खाऱ्या पाण्याची ओढ काही सुटेना.

गाड्या जाव्यात म्हणून त्यांनी माझ्या पोटातून खिंड पाडली. पाणी आलंच, तर ती बंद करायला ओकच्या जाड फळ्या शेजारीच रचून ठेवायच्या, ही इथली रीत. गावातल्या लेन्डर्ट नावाच्या शेतकऱ्याने त्या उचलल्या आणि समुद्राकडच्या शेतातल्या कांद्याच्या कोठारात खाली अंथरल्या.

“अहो, बांधाच्या फळ्या त्या!” त्याची बायको याकोमीना ओरडली.

“अगं, शंभर वर्षांत पाणी आलं नाही, ते आत्ताच येणार होय? कांदे सडले तर काय फळ्या खाशील?”

तीही हसली. ते हसणं तिला आजवर खातंय.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी वाऱ्याने कहर केला. पुढचा बांध खचतोय असं कळताच लेन्डर्ट गाडी जुंपून भर दुपारी खिंडीतून पुढे धावला. “माझीच चूक! फळ्या घेऊन आलोच!”

तो गेला आणि पुढचा बांध फुटला. शेतांवरून पाणी येताना दिसलं. सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला आनंद झाला. आला, माझा समुद्र आला!

खिंडीमागे सगळं गाव होतं. याकोमीनाने खिंड बुजवायला स्वतःच्या घराची दारं उखडून आणवली, बटाट्यांची पोती ओढली. शेवटचं दार लावताना माणसं थबकली. “काकू, लेन्डर्ट अजून तिकडेच आहे.”

तिने पुढे पाहिलं. नुसतं पाणी. “मागे पोरंबाळं आहेत. लावा.”

मी टिकलो. लेन्डर्ट परतला नाही. समुद्र कितीतरी आठवडे माझ्या अंगाला टेकून होता आणि मला तो नकोसा झाला. पुढे दोन वर्षं त्या खारावलेल्या शेतांत धड कांदाही उगवला नाही.

आता खिंडीशी नव्या फळ्या आहेत. दर ऑक्टोबरात, वादळांचे दिवस लागण्याआधी, गावकरी त्या बसवून बघतात. शेवटची फळी उचलली की म्हातारी याकोमीना म्हणते, “थांबा जरा,” आणि उरलेल्या फटीतून पुढच्या शेतांकडे बघत राहते. बाबांनो, हात भरून आले तरी घाई करू नका. तिला बघू द्या.