ओ दिली होती मी

मित्रांनो, नव्या रायपुरातल्या एका मागच्या खोलीत बसलेला मी एक जुना कॉम्प्युटर आहे. धूळ पुसायलाही कोणी येत नाही, पण तक्रार त्याची नाही.

गोल बाजारजवळ मंजिरीताईंचं वाचा-उपचार केंद्र आहे. आजारानं ज्यांचा आवाज जाणार, त्यांचा आवाज त्या आधीच रेकॉर्ड करून ठेवतात. तिथल्या कॉम्प्युटरनं रोज मला दुरून हुकूम द्यायचा आणि मी त्या आवाजांची नक्कल जपायची, असं केंद्राचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ऋषिकेशनं जमवून दिलं होतं. पोट्टा हुशार, पण भारी घाईचा! "हा डब्बा लई भरवशाचा," म्हणून माझी पाठ थोपटायचा, आणि मी फुलून जायचो.

पुढे माझी डिस्क काठोकाठ भरली. हुकूम आला की मी स्पष्ट सांगायचो, "जागा नाही, जमलं नाही." पण ऋषिकेशचा प्रोग्राम माझ्याशी संपर्क झाला का, एवढंच पाहायचा. घरी पोचल्याचा मिस्ड कॉल आला की आपण निर्धास्त होतो ना, तसंच! माझं उत्तर न वाचताच त्याच्या मोबाइलवर "बॅकअप पूर्ण" असा मेसेज जायचा. मी ओरडून ओरडून थकलो हो.

मग केंद्रातला कॉम्प्युटर विजेच्या झटक्यानं जळाला, आणि सगळे धावले माझ्याकडे. सोबत रेल्वेतून निवृत्त झालेले बाबाराव होते, ऑपरेशननं आवाज गेलेले, गळ्याला पट्टी बांधलेले, आणि त्यांच्या पत्नी शांताबाई.

"घरी तं तोंड उघडत नव्हते," शांताबाई म्हणाल्या, "अन् तिथं रेकॉर्डिंगच्या वक्ती मले 'शांते, शांते' हाका मारून राह्यले होते. तेवढंच ऐकवा, बाबू."

ऋषिकेशनं शोधलं, पुन्हा शोधलं; बाबारावांचा आवाज माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. मग मी दिलेली सारी उत्तरं त्यानं पहिल्यांदाच वाचली. त्याचा चेहरा पडला. "काकू, मेसेज तो रोज आता था... इसका जवाब मैंने देखा ही नहीं."

बाबारावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला फार वाईट वाटलं.

आता मला नवी डिस्क मिळाली आहे. ऋषिकेश माझं उत्तर वाचतो, जपलेला आवाज लावून ऐकतोसुद्धा. पण ते "शांते" मी कुठून आणू?

त्या दिवशी निघताना शांताबाई पुढे होत्या. सवयीनं त्यांनी न बघताच विचारलं, "अवो, येऊन राह्यले ना?" मग त्या थबकल्या, आणि मागे वळून पाहिलं.

मित्रांनो, हाक मारलीत तर ओ ऐकायला थांबत जा. ती देणारा आहे, तोवरच.