ड्रुसिलाची संथ चाल

मित्रांनो, ह्यूस्टनमधल्या एका कपाटावर, उशीच्या जुन्या अभ्र्यात मला गुंडाळून ठेवलंय. मी सॅक्सोफोन आहे. वय झालंय आणि अंगभर पोचे आलेत. प्रत्येक पोच्याला टाळ्या मिळाल्या होत्या, पण म्हणून त्यांचं कौतुक करू नका.

माझा मालक ऑर्व्हिल पेटवे. अठ्ठेचाळीस साली गोदामात कापसाच्या गाठी उचलून साठवलेल्या पैशांत त्याने मला घेतलं. दम मोठा लांब होता त्याचा. बायकोसाठी, ड्रुसिलासाठी, त्याने एक संथ चाल बांधली होती. ती एकदा चारचौघांत पुरी वाजवायची, एवढीच त्याची इच्छा होती. माझीही.

पण त्या काळी आमची वस्ती रिदम अँड ब्लूजच्या उडत्या गाण्यांवर नाचायची आणि क्लबांची रीत निराळी होती. सॅक्सोफोनवाल्याने दारूच्या काउंटरवर चढायचं, ग्लास चुकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, मग उताणं पडून पाय झाडत एकच सूर भोंग्यासारखा फुंकायचा. ऑर्व्हिलने संथ चाल धरली रे धरली की हाकाटी व्हायची.

"ए पेटवे, अंगाई गातोस काय? चढ वर!"

"आडवं तू व्हायचंस बाबा, आम्ही नाही!"

तो हसून चढायचा. क्लबमालक क्लिओटिस त्याला बजावायचा, "लोक गप्प झाले की समज, कंटाळले." ऑर्व्हिलने ते मनावर कोरून घेतलं. आमचा तो भोंगा तबकडीवरही गाजला. पुढे गिटारवाल्या पोरांचे दिवस आले आणि आम्हाला कुणी विचारेना. तो शाळेत फरशा पुसू लागला, मी पलंगाखाली गेलो. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो.

मग महामार्गासाठी क्लब पाडायचं ठरलं. शेवटच्या रविवारी दुपारी जुन्या वादकांना बोलावणं आलं.

"आज माझी चाल पुरी वाजव," ड्रुसिला म्हणाली. "गुडघे गेलेत तुझे. माकडचेष्टा पुरे झाल्या."

"वाजवतो गं. तुझी शपथ."

खुर्चीत बसून, डोळे मिटून त्याने सुरुवात केली. मित्रांनो, इतका गोड मी आयुष्यात वाजलो नव्हतो! कुणी ओरडलं नाही. तळलेल्या मासळीच्या बशा तशाच राहिल्या. पुढे बसलेल्या बाईने डोळ्यांना रुमाल लावला. ऑर्व्हिलला मात्र फक्त शांतता ऐकू आली. चाल अर्ध्यावर टाकून तो उठला आणि त्याने काउंटरवर गुडघा टेकला.

"अरे थांब!" ड्रुसिला ओरडली. "ऐकताहेत ते!"

तोवर तो वर चढून उताणा पडलाही होता. भोंगा वाजला. लोक दचकले, मग म्हाताऱ्याचा मान राखायला त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या ऐकून तो खूश झाला. हेच मला सोसत नाही.

ती चाल त्याने पुन्हा कधी धरली नाही. पुढच्याच वर्षी तो गेला.

मित्रांनो, माझी निगा राखली नाहीत तरी चालेल. पण कुणी हळू वाजवत असेल आणि तुम्हाला आवडत असेल, तर त्याला तिथल्या तिथे सांगा. ती चाल किती सुंदर होती, हे सांगायला आमच्याकडेही खूप जण आले. ऑर्व्हिलला पुरून झाल्यावर.